पऱ्हाटीवरचे तुडतुडे पकडण्यासाठी घरगुती ‘नळी-बाटली’ कशी करावी?

धुऱ्यावरचा_मास्तर

मंडळी, नमस्कार. मी वर्धा जिल्ह्यातील एका खेड्यात सातवीला विज्ञान शिकवतो. शाळेच्या कुंपणापलीकडे लगेच पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीचे, वावर सुरू होते, त्यामुळे कीटकांच्या निरीक्षणासाठी आम्हाला दूर कोठे जावे लागत नाही. अडचण वेगळीच आहे. पान उलटले की तुडतुड्यांची, म्हणजे पानाचा रस शोषणाऱ्या बारीक पोपटी किड्यांची, पिल्ले तिरकी पळतात आणि पंख फुटलेले तुडतुडे उडूनच जातात. चिमट्याने धरावे तर चिरडतात, आणि ओल्या कुंचल्याने टिपावे तर निम्मे कुंचल्याच्या केसांतच अडकून मरतात.

म्हणून मागच्या आठवड्यात मी एक साधन तयार केले. मधाची छोटी काचेची बाटली घेतली, तिच्या झाकणाला तापवलेल्या खिळ्याने दोन भोके पाडली आणि औषधाच्या दुकानातून आणलेल्या नव्या सलाइनच्या नळीचे दोन तुकडे त्यांत बसवले. एक तुकडा तोंडात धरून हवा ओढायची. बाटलीतील दाब कमी झाला की बाहेरची हवा दुसऱ्या नळीतून आत धावते आणि टोकाशी असलेला किडा तिच्याबरोबर बाटलीत येतो. किडा तोंडात येऊ नये म्हणून ओढण्याच्या नळीच्या आतल्या टोकाला मच्छरदाणीचा तुकडा बांधला आहे.

साधन चालते, परंतु तीन तक्रारी आहेत. पहिली, तुडतुडे बऱ्याचदा नळीतच आडवे होऊन अडकतात. दुसरी, पांढऱ्या माशीवर प्रयोग केला तेव्हा जिभेवर काहीतरी आले, आणि ते काय होते याचा मी फार विचार केलेला नाही. तिसरी, अर्ध्या तासात बाटलीतील बहुतेक किडे मरून पडतात, मग मुलांना दाखवायचे काय? कोणी असे साधन केले असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

जाता जाता सांगतो: निंदणाला निघालेल्या एका आजीने आमचा प्रयोग पाहून धुऱ्यावरूनच विचारले, “मास्तर, पोराईले चिलीम ओढाले शिकवून राह्यले काय?”

वऱ्हाडी_वांगं

आजींचा प्रश्न रास्त आहे. मुख्याध्यापकांनी विचारण्याआधी उत्तर तयार ठेवावे.

खिळा_पाना

मास्तर, तुमच्या पहिल्या दोन तक्रारींचे मूळ मापांत आहे. सलाइनच्या नळीचा आतला व्यास साधारण ३ मिलिमीटर असतो आणि पूर्ण वाढलेला तुडतुडाही साधारण तेवढाच लांब असतो. तो सरळ गेला तर जातो, पण आडवा झाला की बूच बसते. किडा आत येण्याची नळी ५ मिलिमीटरच्या आसपास घ्या. याहून फार रुंद मात्र घेऊ नका, कारण श्वास तोच राहिला आणि व्यास दुप्पट झाला तर नळीतील हवेचा वेग चौपट कमी होतो, आणि मग पानाला घट्ट धरून बसलेला किडा जागचा हलत नाही. (हे गणित मुलांकडूनच सोडवून घ्या, वर्तुळाच्या क्षेत्रफळाचा त्यांना पहिल्यांदाच काही उपयोग होईल.)

मी केलेल्या बाटलीत किडा आत येण्याची नळी म्हणजे जाड बॉलपेनचे, दोन्ही बाजूंनी कापलेले पारदर्शक नळकांडे आहे. ते कडक असल्यामुळे पानाच्या शिरेजवळ नेमके टेकवता येते. मऊ नळी वाकते आणि तोवर किडा पसार होतो. हे नळकांडे झाकणातून बरेच खाली, बाटलीच्या जवळजवळ मध्यापर्यंत उतरवले आहे. ओढण्याची नळी मात्र झाकणाच्या आत जेमतेम बोटभर ठेवली आहे. दोन्ही टोके समान पातळीवर ठेवली तर आलेला किडा थेट जाळीवर आपटतो. ओढण्याची नळी हातभर लांब आणि मऊ हवी, म्हणजे मान न वाकवता पानाच्या खालची बाजू बघता येते.

भोक नेहमी नळीपेक्षा किंचित लहान पाडावे आणि नळी पिळत पिळत आत घालावी. तरीही फट राहिली तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा गोल तुकडा कापून वायसर म्हणून लावावा किंवा एम-सील भरावे. फट राहिली आहे की नाही ते पाहण्यासाठी आत येण्याच्या नळीवर बोट ठेवून ओढा. जीभ नळीला चिकटली तर साधन चांगले झाले असे समजावे.

मच्छरदाणी काढून टाका. तिची छिद्रे डासासाठी असतात. पांढरी माशी लांबीला सुमारे १ मिलिमीटर आणि अंगाने त्याहून बारीक असते; तिला मच्छरदाणी म्हणजे उघडी वेस. घरात जुनी जॉर्जेटची ओढणी असेल तर तिचा दुहेरी तुकडा बांधा. बारीक रवा टाकून बघा. रवा गळला नाही तर कापड योग्य आहे.

तूरशेंगा

मी कृषी पदवीधर आहे आणि काही वर्षे शेतीशाळांमध्ये काम केले आहे. साधन छान आहे, परंतु माझा थोडा मतभेद नोंदवते. तुडतुडे *मोजायचे* असतील तर ते पकडण्याची मुळीच गरज नाही. सकाळी, ऊन चढण्याआधी, झाडाला धक्का न लावता पान देठाजवळ हलकेच धरून उलटायचे आणि जागेवरच मोजायचे. शेतात वेगवेगळ्या ठिकाणची झाडे निवडून प्रत्येक झाडाचे वरचे, मधले आणि खालचे अशी तीन पाने पाहायची. दर पानाला सरासरी २ ते ३ तुडतुडे आढळले तर आर्थिक नुकसानीची पातळी (म्हणजे जिच्यापुढे फवारणीचा विचार करावा ती) गाठली असे आपल्याकडे शिफारशींमध्ये मानले जाते. मावा आणि फुलकिडे यांच्यासाठी हाच आकडा पानामागे सुमारे १० आहे. ओढून पकडलेल्या किड्यांवरून ही सरासरी काढली तर ती चुकणारच, कारण उडून गेलेले किडे कोणीही मोजत नाही आणि एका पानावर ओढताना शेजारच्या पानावरचेही येतात.

त्यामुळे मुलांना दोन वेगळी कामे द्या, असे सुचवावेसे वाटते. मोजणी पानावर व्हावी आणि ओळख बाटलीत व्हावी. ओळखीसाठी मात्र ही बाटली खरोखर उपयोगाची आहे. कपाशीच्या तुडतुड्याच्या पुढच्या पंखांवर टोकाकडे एकेक काळा ठिपका असतो आणि डोक्यावरही दोन ठिपके असतात. उडत्या तुडतुड्यात ते कोणालाही दिसायचे नाहीत; बाटलीत दहापट भिंगाखाली सातवीच्या मुलालाही दिसतात. एकदा ते ठिपके पाहिले की पोपटी रंगाचा प्रत्येक उडता किडा तुडतुडा आहे असे मूल पुन्हा म्हणत नाही.

धुऱ्यावरचा_मास्तर

तूरशेंगाताई, आपला मुद्दा पटला. मी मोजणी आणि पकडणी एकच समजत होतो. आमच्या वर्गाने मागच्या आठवड्यात बाटलीतील किडे मोजून “पानामागे सहा” असा निष्कर्ष वहीत लिहिला आहे, आणि वावराच्या मालकांनी तो ऐकून फवारणीचा पंप काढण्याची भाषा केली होती. उद्याच त्यांच्याकडे जाऊन आकडा मागे घेतो.

पांढरकवड्याचा

मास्तर, आधी ते करा, आणि त्यांना एक गोष्ट अवश्य विचारा: मागची फवारणी कधी झाली आणि कशाची?

मी यवतमाळ जिल्ह्यातला शेतकरी आहे. २०१७ साली आमच्याकडे फवारणीच्या विषबाधेने जे घडले ते येथील सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे तपशिलात जात नाही. त्या वर्षी कपाशी डोक्याइतकी वाढली होती, फवारा अंगावर येत होता आणि माणसे दमट उकाड्यात तोंडाला फडकेही न बांधता फवारत होती. आमच्या आळीतील दोघांना मी स्वतः दवाखान्यात नेले आहे. एकाला हात समोर धरूनही बोटे नीट दिसत नव्हती. तेव्हापासून पऱ्हाटीच्या पानाजवळ तोंड नेणे म्हणजे काय, याचा माझ्या मनातील अर्थ बदलला आहे.

या साधनात तुम्ही पानाला टेकवलेल्या नळीतून थेट तोंडात हवा ओढता. ओढणीचे कापड किडा अडवते. विषाची वाफ किंवा पानावर वाळलेली बारीक पूड ते अडवत नाही. कृपया फवारलेल्या वावरात मुलांच्या तोंडात ही नळी देऊ नका. शाळेच्या परसातील भेंडी, अंबाडी किंवा कुंपणाचे गवत यांवर खुशाल चालवा. तुडतुडे भेंडीवरही तेच असतात.

तूरशेंगा

पांढरकवड्याचे दादा बोलले ते माझ्या आधीच्या उत्तरात पहिल्या ओळीत यायला हवे होते. ते राहिले, ही माझी चूक आहे. एक भर घालते: बीटी कपाशीचे बियाणे बहुधा कीटकनाशकाची प्रक्रिया केलेलेच मिळते, आणि त्यामुळे पहिले काही आठवडे रसशोषक किडी कमी दिसतात. मुलांना जुलैच्या सुरुवातीला काहीच सापडले नाही तर साधनाला दोष देऊ नये. भेंडीची सूचना उत्तम आहे.

खिळा_पाना

मग तोंडच काढून टाकू. ओढण्याच्या नळीला रबरी फुगा जोडता येतो. फक्त एक खुबी आहे. साधा फुगा दाबून सोडला की हवा ओढली जाते, पण दुसऱ्यांदा दाबताना तीच हवा उलट बाटलीत शिरते आणि पकडलेले किडे आत येण्याच्या नळीतून बाहेर फेकले जातात. मी पहिल्यांदा हे केले तेव्हा अकरा तुडतुडे मेहनतीने गोळा करून एका दमात पुन्हा वावराच्या स्वाधीन केले होते.

यावर उपाय म्हणजे रक्तदाब मोजण्याच्या जुन्या यंत्राचा फुगा. त्यात दोन झडपा असतात, हवा मागून आत येते आणि पुढून बाहेर जाते. लोक तो सवयीने पुढच्या तोंडाला जोडतात आणि मग किडा आत येण्याऐवजी उडतो. नळी *मागच्या* तोंडाला जोडायची, त्यासाठी सायकलच्या ट्यूबची बाही करून तारेने आवळायची. ओढ तोंडाइतकी जोरदार नसते, मात्र तुडतुड्याला पुरते. हा फुगा नाही मिळाला तर माशांच्या काचेच्या पेटीला हवा देणाऱ्या पंपाची एकेरी झडप स्वस्तात मिळते; ती साध्या फुग्याच्या वाटेत बसवावी आणि फुग्यातील हवा बाहेर जाण्यासाठी अशीच दुसरी झडप फुग्याच्या अंगाला लावावी.

पूसकाठचा

या साधनाला इंग्रजीत ‘पूटर’ म्हणतात. एफ. डब्ल्यू. पूस नावाचे एक अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ होते, त्यांच्या आडनावावरून हे नाव पडले असे सांगितले जाते. विशेष म्हणजे त्यांचा अभ्यास तुडतुड्यांचाच होता. आमचे पुसद पूस नदीच्या काठी वसलेले आहे. तेव्हा या यंत्रावर आमचा काही हक्क निघतो का, याचा विचार सभासदांनी करावा.

वऱ्हाडी_वांगं

हक्क मान्य, पण नाव मराठी हवे. ओढायचे आहे म्हणून ‘ओढणी’ म्हणावे, तर खिळा_पाना यांच्या कृतीनुसार ओढणीच्या टोकाला ओढणी बांधावी लागेल.

मोहफूल

आमच्या घरी चुलीजवळ लोखंडी फुंकणी असते. हे साधन तिच्या नेमके विरुद्ध काम करते, म्हणून ‘उलटी फुंकणी’ म्हणायला काय हरकत आहे? मुलांना लगेच कळेल आणि फुंकायचे नाही, हेही नावातच येईल.

आता अनुभव सांगते. मी गडचिरोली जिल्ह्यात राहते. काही वर्षांपूर्वी अशीच तोंडाने ओढायची बाटली घेऊन मी झाडावरच्या तांबड्या मुंग्यांच्या, म्हणजे पाने शिवून घरटे करणाऱ्या मुंग्यांच्या, मागे लागले. पंधरा-वीस मुंग्या बाटलीत आल्या आणि पुढच्या ओढीला घशात असा ठसका बसला की डोळ्यांतून पाणी आले. डिवचलेली मुंगी आम्ल फवारते आणि बंद बाटलीत त्याची वाफ साठते, हे मला तेव्हा सुचलेच नव्हते. जिची चटणी आंबट लागते तिची वाफही आंबटच असणार! मुंग्या, वास सोडणारे ढेकणासारखे किडे आणि अंगाला लागले की फोड आणणारे भुंगेरे तोंडाने कधीही ओढू नयेत. पतंगांच्या पंखांची पूडही खोकला आणते. जुन्या वाड्यात किंवा देवळात वटवाघळांची विष्ठा असेल तर तेथेही नाही. त्या धुळीतून फुप्फुसाचा आजार होऊ शकतो.

आणि ओढताना दीर्घ श्वास घ्यायचा नसतो. गालांनी ओढायचे, छातीने नव्हे. लहान, तुटक ओढ, जशी गरम चहाच्या बशीला लावतो तशी.

संत्रा_बर्फी

सगळे एवढे कष्ट कशासाठी? पिवळे चिकट सापळे लावा, सकाळी किडे तयार असतात.

तूरशेंगा

चिकट सापळ्यावर किडा सापडतो, परंतु तो गोंदात पंख पसरून मेलेला असतो. शिवाय पिवळा रंग मित्रकिडींनाही ओढतो. वावरातील प्रमाण कळण्यासाठी ते सापळे ठीक. मास्तरांना मात्र चालता-बोलता किडा दाखवायचा आहे.

तिसरा_पहर

मास्तरांच्या तिसऱ्या तक्रारीकडे अजून कोणी वळलेले दिसत नाही, म्हणून लिहितो. किडे अर्ध्या तासात मरतात याचे पहिले कारण ऊन. काचेची बंद बाटली उन्हात धरली की पाच मिनिटांत भट्टी होते, आणि आपल्याकडे पावसाळ्यातील उघडीपही सौम्य नसते. बाटलीला ओले फडके गुंडाळा आणि फक्त पाहण्यापुरते ते बाजूला करा. दुसरे कारण वाफ. सोबत पान टाकले की त्याच्या ओलाव्याने काचेला आतून थेंब येतात, आणि तुडतुड्याएवढ्या जिवाला एक थेंब म्हणजे डबके; पंख चिकटला की तो संपला. बाटलीत टीपकागदाची किंवा वर्तमानपत्राची एक पट्टी उभी ठेवा. ती ओलावा शोषते आणि किड्यांना चढायला जागाही देते. प्लास्टिकची बाटली कोरड्या दिवशी विजेचा भार धरते आणि बारीक किडे भिंतीला चिकटतात, म्हणून तुमची मधाची काच योग्यच आहे.

तिसरे कारण शेजारी. तुडतुड्यांबरोबर एखादा कोळी किंवा ढालकिडा (लेडीबर्ड भुंगेरा) आला असेल तर ते मेलेले नाहीत, जेवणात गेलेले आहेत. मी एकदा बारा मावे आणि एक ढालकिड्याची अळी एकत्र ठेवून जेवायला गेलो. परत आलो तेव्हा जेवण दोघांचेही झाले होते.

भिंगाखाली किडा स्थिर हवा असेल तर बाटली पाच-दहा मिनिटे गारव्यात ठेवावी. शाळेत फ्रीज नसला तरी गावातील किराणा दुकानात असतो. थंडीने किडा सुस्तावतो, मरत नाही. मात्र बाहेर काढल्यावर दोन-तीन मिनिटांतच चालू लागतो, तेव्हा वही आधी उघडून ठेवा.

पांढरकवड्याचा

दुकानदाराला आधी सांगून ठेवा. दुधाच्या पिशव्यांशेजारी तुडतुड्यांची बाटली पाहून गिऱ्हाईक वेगळेच समजेल.

मोहफूल

एक राहिले. व्याघ्रप्रकल्प किंवा अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय कीटकही गोळा करता येत नाहीत. ताडोबा-मेळघाटच्या सहलीला बाटली दप्तरात नेऊ नये.

संत्रा_बर्फी

माझा सापळ्याचा मुद्दा मागे घेतो. पण एक शंका: पानाच्या कडा पिवळ्या पडून खाली वळतात आणि मग लाल होतात, ते तुडतुड्यांमुळे की लाल्यामुळे (कपाशीची पाने लाल पडण्याच्या विकृतीमुळे)? आमच्याकडे दोन्हींना एकच औषध मारतात.

तूरशेंगा

हा प्रश्न याच धाग्यावर शोभतो. तुडतुडे रस शोषताना पानात विषारी लाळ सोडतात, त्यामुळे कडा आधी पिवळ्या पडून खाली वळतात आणि नंतर तांबूस होतात. लाल्यामागे मॅग्नेशियमसारख्या अन्नद्रव्यांची कमतरता असू शकते, आणि तेथे कीटकनाशक म्हणजे निव्वळ खर्च. म्हणूनच पान उलटून पाहायचे. खाली तुडतुडे किंवा त्यांच्या पांढुरक्या काती सापडल्या नाहीत तर कारण दुसरीकडे शोधावे.

धुऱ्यावरचा_मास्तर

मंडळी, अठरा दिवसांनी लिहितो आहे, क्षमा असावी. मध्ये परीक्षा होत्या.

नवी बाटली सर्वांच्या सूचनांप्रमाणे झाली. बॉलपेनचे नळकांडे, जॉर्जेटचा दुहेरी तुकडा, सायकल ट्यूबचे वायसर, आणि गावातील डॉक्टरांनी दिलेला जुन्या यंत्राचा फुगा मागच्या तोंडाने जोडलेला. फुग्याच्या वाटेत एक कापसाचा बोळाही घातला आहे. नाव मतदानाने ‘उलटी फुंकणी’ ठरले. आजींना दाखवली, तर त्यांनी फुगा दाबून पाहिला आणि चिलीम बरी होती असा अभिप्राय दिला.

वावराचे मालक फवारणी थांबवून आमच्यासोबत मोजायला आले. त्यांनी स्वतः पाने उलटली, मुलांनी धुऱ्यावर उभे राहून आकडे लिहिले. दहा झाडे, तीस पाने, एकूण ४१ तुडतुडे, म्हणजे पानामागे दीडही नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा मोजायचे ठरले आहे. पकडण्याचे काम आम्ही परसातील भेंडीवर करतो.

तिथेच एक नवे प्रकरण निघाले. भेंडीच्या पानावर माव्यांच्या गर्दीत चार मावे फुगलेले, गव्हाळ रंगाचे आणि अजिबात न हलणारे दिसले. मुलांनी ते मेलेले ठरवले. एका मुलीने मात्र हट्टाने पानाचा तेवढा तुकडा कापून, कागदाची पट्टी घालून, बाटलीत ठेवला आणि बाटली वर्गातील सावलीच्या खिडकीत मांडली. चौथ्या दिवशी सकाळी तिने मला बोलावले. एका फुगलेल्या माव्याच्या पाठीला मागच्या बाजूने गोल झाकण कापल्यासारखे भोक पडले होते, झाकण एका कडेला लटकत होते, आणि काचेवर जेमतेम दोन मिलिमीटरची, लांब मिशांची काळी गांधीलमाशी चालत होती. मावा आतून खाऊन ती बाहेर आली आहे हे सांगितल्यावर वर्गात पूर्ण अर्धा मिनिट शांतता होती. माझ्या नोकरीत हे क्वचित घडले आहे.

माशी भेंडीवर सोडली. आतापर्यंत तीन माव्यांना भोके पडली आहेत. चौथ्याची बाटली अजून खिडकीत आहे, आणि ती हलवायची नाही अशी चिठ्ठी तिच्यावर लावलेली आहे.